पार्सनिप : थंडीत गोडावणारं मूळ

पार्सनिप म्हणजे गाजरासारखं दिसणारं, पांढरट कंदमूळ. त्याचं हे बी नीट पाहा. चपटं, हलकं, कडेला पापुद्रा. शेपूच्या बियांचाच घाट, फक्त आकारानं मोठं. इंग्लंडमधल्या परसबागांत पार्सनिप पेरायला म्हणूनच वारा पडलेला दिवस निवडतात.

शेपू, कोथिंबीर, ओवा, गाजर हे सगळे याचे भाऊबंद. पण हा त्यातला हट्टी. बी ताजंच लागतं, जुन्या पाकिटातलं फारसं उगवत नाही. पाकिटावर ‘फेब्रुवारीपासून पेरा’ असं छापलेलं असलं, तरी ते फार मनावर घेऊ नये. गार, चिकट मातीत बी कुजतं. मार्च सरता सरता, नाहीतर एप्रिलात पेरलेलं बरं.

वाफा खोलवर भुसभुशीत हवा. खडे वेचायचे, ताजं शेणखत टाळायचं. मूळ सरळ खाली जातं, वाटेत खडा आला की फाटे फुटतात. तयार रोपं उपटून लावली तरी तेच. म्हणून बी जागेवरच टाकायचं : दीड सेंटिमीटर खोल, दर १५ सेंटिमीटरला तीन-तीन दाणे, दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर.

आणि मधल्या जागेत चक्क मुळा! पार्सनिपला वर यायला तीन-चार आठवडेही लागतात. मुळा आठवड्याभरात दिसतो, त्यामुळे ओळ कळते आणि खुरपं चुकत नाही. पार्सनिप जोर धरेपर्यंत मुळा ताटात गेलेला असतो. मग विरळणी, प्रत्येक जागी एकच दणकट रोप.

उन्हाळ्यात तण काढताना हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच. पानांचा, देठांचा चीक अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडलं, तर कातडीवर फोड येतात.

हे मूळ आजच्याइतकं जाड नेहमीच नव्हतं. १८४०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावच्या शेतकी महाविद्यालयात प्राध्यापक जेम्स बकमन यांनी रानटी पार्सनिपचं बी वाफ्यात लावलं. दर पिढीतली चांगली मुळं निवडायची, त्यांचंच बी धरायचं, एवढीच युक्ती. त्यातून निघालेलं ‘स्टुडंट’ हे वाण सटन्स या बियाणं कंपनीनं १८६०च्या सुमारास विकायला आणलं. कॉलेजातल्या वाणाला नावही शोभेसं!

नोव्हेंबरात पानं मरगळतात. घाई करू नये. कडाक्याची थंडी पडली की मुळातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, आणि खरी चव तेव्हा येते. पानं गळण्याआधी ओळीच्या टोकांना काठ्या रोवून ठेवाव्यात, नाहीतर मुळं शोधत बसावं लागतं. लागतील तशी खणून काढायची, बाकीची जमिनीतच सुखरूप राहतात. नाताळच्या जेवणात ती तेलात खरपूस भाजलेली असतात. मार्चपर्यंत मात्र सगळी काढून घ्यावीत. नवा फुटवा आला की गाभा दोरकट होतो, आणि तो कितीही शिजवला तरी दातांत अडकतो.