घरच्या मैदानासाठी

(दृश्य: ऑबर्नचा टूमर्स कॉर्नर. रात्र. झाडांवर लोंबणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या.)

अमेरिकन फुटबॉलचा सामना जिंकला की ऑबर्नमध्ये गुलाल उधळत नाहीत. सगळं गाव या चौकात येतं आणि झाडांवर टॉयलेट पेपर भिरकावतं. त्यातही समोर कट्टर प्रतिस्पर्धी अलाबामा विद्यापीठ असेल, तर रात्रभर कुणी घरी जात नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, एकही संघ नाही. सगळं फुटबॉलवेड दोन विद्यापीठांत वाटलं गेलंय, आणि वाटणी सारखी नाही. टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठाला प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, पुढे निक सेबन यांनी आणखी सहा. दुसरं विद्यापीठ ऑबर्न, एकेकाळी शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज. टस्कलूसाचे लोक त्याला ‘काऊ कॉलेज’ म्हणून हिणवायचे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१८९३ चा पहिला सामना मात्र ऑबर्नने जिंकला होता, ३२-२२. १९०७ नंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंच यांवरून बिनसलं ते असं, की ४१ वर्षं दोघं एकमेकांविरुद्ध उतरलेच नाहीत. १९४८ मध्ये उतरले आणि अलाबामाने ५५-० असं धुतलं.

तेव्हापासून सामना बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर. शहर लोखंड-पोलादाचं, म्हणून नाव आयर्न बोल. कागदोपत्री मैदान तटस्थ, तिकिटं निम्मी-निम्मी. पण अलाबामा आपले इतर कितीतरी सामने तिथेच खेळायचं. मग तटस्थ कसलं?

१९८१ मध्ये ऑबर्नला पॅट डाय हे प्रशिक्षक मिळाले. ते पूर्वी ब्रायंट यांच्याच हाताखाली होते. सलग नऊ पराभवांनंतर १९८२ मध्ये त्यांनी २३-२२ असा विजय मिळवला. पण त्यांचा खरा हट्ट वेगळा होता: आमच्या यजमानपदाचा सामना आमच्या गावात. अलाबामाचा नकार होता. डाय मागे हटले नाहीत.

(दृश्य: ऑबर्नचं जॉर्डन-हेअर स्टेडियम, २ डिसेंबर १९८९.)

अखेर अलाबामा ऑबर्नला आलं, तेही त्या मोसमात अपराजित, देशात दुसऱ्या क्रमांकावर. ८५ हजार प्रेक्षक. गावाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. ऑबर्न ३०, अलाबामा २०. तीन आठवड्यांपूर्वीच बर्लिनची भिंत पडली होती, आणि ऑबर्नचे लोक या दोन घटना एका दमात सांगतात. अतिशयोक्ती आहे. चालायचंच.

बाहेरच्या जगाला २०१३ आठवतं. २८-२८ अशी बरोबरी, घड्याळात एक सेकंद, अलाबामाची गोलखांबांमधून मारायची ५७ यार्डांवरची किक आखूड पडली. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने गोलखांबांपाशी चेंडू झेलला आणि अख्खं मैदान पार करून सामना संपवला. ती धाव जॉर्डन-हेअरवर झाली. डाय यांनी हट्ट सोडला असता, तर ती बर्मिंगहॅममध्ये, निम्म्या परक्या गर्दीसमोर झाली असती.

विजेतेपदांचं पारडं अजून टस्कलूसाकडेच झुकलेलं आहे. २०२३ मध्ये याच मैदानावर ऑबर्न २४-२० ने पुढे होतं. अलाबामाकडे चौथा, अखेरचा प्रयत्न. हवे होते ३१ यार्ड. उरले होते ४३ सेकंद. जेलन मिलरोचा पास एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, कोपऱ्यात आयझाया बाँडने झेलला. अलाबामा २७, ऑबर्न २४.

हरले, पण घरी हरले.