खालची पापणी

श्रोतेहो, नमस्कार. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते.

अंगात रक्त कमी आहे का हे ओळखायला गरोदर बाईची खालची पापणी ओढून आतला रंग कसा पाहायचा, हे आम्ही मुलींना एकमेकींवर करून दाखवायला लावतो. मागच्या वर्षी एकीने मैत्रिणीची पापणी खाली केली आणि गप्पच झाली. मी जवळ जाऊन पाहिलं, तर कड पांढरीफटक. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.6. हीच मुलगी आदल्याच आठवड्यात वॉर्डात एका बाईला लोहाच्या गोळीचं महत्त्व पटवून देत होती! जिना चढताना धाप लागायची, पण म्हणाली, "मॅडम, मला वाटलं ड्यूटीमुळे होतंय."

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन निदान 12 हवं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. आमच्या मुली त्याच घरांतून येतात.

त्यातून हॉस्टेलचं खाणं. सकाळी ड्यूटीची घाई, म्हणून चहा-बिस्किट. दुपारी मेसचं पातळ वरण, आणि जेवण होतंय न होतंय तोच पुन्हा चहा. हा जेवणावरचा चहा मला फार खटकतो. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मुलींनो, तासभर थांबा. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. आणि आयांनो, डब्यात चिवड्यासोबत अळिवाचे लाडूही द्या.

गोळी सुरू केली की शौचाला काळं होतं, कुणाला मळमळतं. घाबरून गोळी बंद करू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण चहा किंवा दुधाबरोबर नको. पाळीत फार रक्तस्राव होत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर जंत, बी-12 तपासायला हवं. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या मुलींनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून घ्यावी.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 11.8 झालं. "आता बंद करू का?" म्हणाली. मी नाही म्हटलं. रक्त भरलं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. गोळ्यांची पट्टी तिने उशाशी ठेवलीय, आणि दुपारचा चहा आता चार वाजता घेते.