मतदाराला काय म्हणायचं होतं?

नमस्कार. 2000 सालच्या ऑक्टोबरमध्ये मी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले होते. नात झाली, आणि बाळंतिणीचं सगळं करता करता दिवाणखान्यातला टीव्ही दिवसभर चालूच असायचा, तर त्या टीव्हीवर मी रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट पक्षाचे अल गोर यांची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आधी पाहिली आणि मग ते पुढचे 36 दिवस पाहिले. लेक-जावई व्हिसावर होते, त्यांना मत नव्हतं, मला तर नव्हतंच. पण मी शाळामास्तरीण, निवडणुकीची ड्यूटी आयुष्यभर केलेली, त्यामुळे मतमोजणी दिसली की माझा जीव तिथं अडकतो.

प्रचार तसा मिळमिळीतच होता. तीन डिबेट झाल्या, पहिल्या डिबेटमध्ये बुश बोलत असताना गोर मोठ्यानं सुस्कारे टाकत होते, त्यावरच आठवडाभर चर्चा. दोघांत फरक काय असंच लोक विचारायचे. खरं भांडण सुरू झालं ते 7 नोव्हेंबरच्या रात्री. चॅनलवाल्यांनी संध्याकाळी फ्लोरिडा राज्य गोर यांनी जिंकलं असं सांगून टाकलं, मग ते परत घेतलं, मध्यरात्री दोननंतर बुश यांना दिलं, गोर यांनी बुशना फोन करून अभिनंदनही केलं आणि भाषण करायला निघाले, तर वाटेत कळलं की फरक कमी कमी होत चाललाय, मग परत फोन करून ते अभिनंदन मागे घेतलं. त्यांच्याकडे प्रत्येक राज्याची ठरावीक इलेक्टोरल मतं असतात, निवडून यायला अशी 270 लागतात आणि फ्लोरिडाची 25 सोडली तर दोघांपैकी कोणाचीच होत नव्हती. देशभरातली एकूण मतं बघाल तर गोर पाच लाखांहून जास्तीनं पुढे होते, पण तिथं हिशेब राज्यवार असतो. म्हणजे सगळं येऊन फ्लोरिडावर थांबलं, आणि तिथं साधारण 60 लाख मतांत शेवटी जाहीर झालेला फरक होता 537.

आता ते मत कसं टाकायचे ते सांगते, कारण सगळं त्यात आहे. एक कार्ड असायचं, त्यावर आधीच अर्धवट कापलेले बारीक बारीक चौकोन. कार्ड मशीनमध्ये सरकवायचं, वर उमेदवारांच्या नावांची पुस्तिका, आणि टोच्यानं आपल्या नावासमोरच्या भोकातून खाली टोचायचं, की तो चौकोन सुटून खाली पडणार. एसटीचा कंडक्टर तिकिटाला पंच मारायचा आणि त्याचे कण पायाशी पडायचे ना, तसा तो कण. त्याला ते चॅड म्हणतात. पण म्हाताऱ्या माणसानं हलक्या हातानं टोचलं, किंवा मशीनच्या तळाशी आधीचे कण साठले असले, तर तो चौकोन पूर्ण सुटत नाही, एका कोपऱ्यावर लटकतो, नाहीतर नुसता खळगा पडतो. मोजायच्या मशीनमधून कार्ड गेलं की लटकता कण परत दाबला जाऊन भोक बुजतं, आणि मशीन म्हणतं, इथं मतच नाही.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एक न्यायाधीश, रॉबर्ट रोझेनबर्ग, भिंगातून कार्ड उजेडाकडे धरून डोळे वटारून बघतायत असा एक फोटो तेव्हा जगभर छापून आला. लोक त्याला हसले. मला अजिबात हसू आलं नाही, मला 1995 ची विधानसभेची मतमोजणी आठवली. आमच्या टेबलावर पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे आणि शंकेच्या मतपत्रिका वेगळ्या. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलाय, घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या नावावर उमटलीय, कोणी एकाच चिन्हावर तीनदा शिक्का मारलाय. दोन्ही बाजूचे प्रतिनिधी मानेवर येऊन ओरडतायत, बाद करा, बाद करा. आणि आपला नियम काय सांगतो? मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर निव्वळ खूण पुसट आहे किंवा जास्त वेळा मारलीय म्हणून मत बाद करायचं नाही. आपल्या फुलीच्या शिक्क्याला बाण असतात ते याचसाठी, की कुठली खूण मूळ आणि कुठली घडीमुळे उलटी उमटलेली हे ओळखता यावं. एका माणसाचं एक मत वाचावं म्हणून शिक्क्यातसुद्धा कुणीतरी इतका विचार करून ठेवलाय, मला याचा फार अभिमान वाटतो.

फ्लोरिडाच्या कायद्यातही नेमकं हेच होतं बरं का, मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत बाद नाही. पण हेतू कशाला म्हणायचं हे 67 काउंट्यांना सगळ्यांना एकसारखं कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठे लटकता चॅड चालत होता, कुठे खळगासुद्धा, कुठे काहीच नाही.

पाम बीच काउंटीचं तर याहून वाईट झालं. तिथं म्हातारी मंडळी खूप, म्हणून निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांनी अक्षरं मोठी केली. हेतू चांगलाच होता. पण उमेदवार दहा, मोठ्या अक्षरात एका पानावर मावेनात, म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोकं मधोमध. डावीकडे पहिले बुश, दुसरे गोर. पण दुसरं भोक गोर यांचं नाही, ते उजवीकडच्या पॅट ब्यूकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचं, गोर यांचं तिसरं. नमुना आधी छापून वाटला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. ब्यूकॅनन यांना त्या काउंटीत 3,407 मतं पडली, ती बरीचशी माझी नाहीत असं ते स्वतः टीव्हीवर म्हणाले. शिवाय 19 हजारांच्या वर लोकांनी दोन भोकं पाडली, ती सगळी मतं बाद.

एका संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन मी हे बघत होते आणि जावई म्हणाले, आई, पण नीट बघून भोक पाडायला काय झालं होतं त्यांना? जावई अतिशय चांगला माणूस, पण मला ते फार लागलं, कारण टीव्हीवरची अर्धी चर्चा तेव्हा हेच म्हणत होती. मी त्यांना म्हटलं, माझ्या वर्गातल्या एका मुलानं गणित चुकवलं तर त्याची चूक, पण चाळीस मुलं एकाच ठिकाणी चुकली तर मी प्रश्न परत वाचते.

दोन्ही पक्षांचे वकील टीव्हीवर तत्त्वाचं बोलत होते आणि दोन्हीकडे तत्त्व सोयीनुसार फिरत होतं, हे मला आजही खुपतं. रिपब्लिकन म्हणायचे चॅडच्या बाबतीत नियम म्हणजे नियम, पण परदेशातल्या सैनिकांनी टपालानं पाठवलेल्या मताच्या पाकिटावर पोस्टाचा शिक्का नाही, तिथं म्हणे हेतू बघा. डेमोक्रॅट म्हणायचे प्रत्येक मत मोजा, पण सैनिकांच्या पाकिटांना हरकती कशा घ्यायच्या याचं टिपण त्यांच्याच वकिलानं काढलेलं, ते बाहेर आल्यावर गोर यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार लिबरमन यांना टीव्हीवर येऊन मवाळ बोलावं लागलं. आणि हातानं मोजणी मागितली ती फक्त चार काउंट्यांत, जिथं आपली मतं जास्त तिथं. अख्ख्या राज्याची मोजणी पहिल्या दिवसापासून कोर्टात नेटानं मागायला हवी होती. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रांनी एकत्र येऊन सगळ्या बाद मतपत्रिका तपासून घेतल्या, तेव्हा त्या चार काउंट्यांच्या हिशेबानं बुशच येत होते आणि सगळ्या राज्याची मोजली तर थोडक्यात गोर येऊ शकले असते.

26 नोव्हेंबरला फ्लोरिडाच्या निवडणुकीचं काम बघणाऱ्या सेक्रेटरी कॅथरीन हॅरिस यांनी 537 वर शिक्कामोर्तब केलं, त्या बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या आणि राज्याचे गव्हर्नर बुश यांचे सख्खे भाऊ. पाम बीचची मोजणी मुदतीनंतर साधारण दोन तासांनी संपली, ती धरली नाही. 8 डिसेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं हातानं मोजा म्हटलं, 9 ला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानं थांबवलं, आणि 12 तारखेला पाच विरुद्ध चार अशा निकालानं विषय संपला, म्हणजे बुश जिंकले. काउंटीगणिक वेगळे निकष म्हणजे समान वागणूक नाही, आणि सारखा नियम करून मोजायला आता वेळ नाही, असा निकाल. पहिलं वाक्य मला पटतं. दुसरं नाही पटत, कारण मोजणी तीन दिवस बंद कोर्टानंच ठेवली होती.

पाम बीच सगळ्यांना माहीत झालं, ड्यूव्हल काउंटी कमी. तिथं जॅक्सनव्हिल शहर आहे. अध्यक्षपदाचे दहा उमेदवार दोन पानांवर पसरलेले, आणि वाटलेल्या नमुन्यात सूचना अशी की प्रत्येक पानावर मत द्या. लोकांनी सांगितल्याप्रमाणे केलं, दोन्ही पानांवर दिलं, आणि वीस हजारांहून जास्त मतं बाद झाली, त्यातली खूपशी काळ्या वस्त्यांमधली. सूचना पाळली म्हणून मत गेलं हो त्यांचं! यावर टीव्हीवर किती मिनिटं बोलले असतील?

मी डिसेंबरअखेर परत आले, त्यामुळे 6 जानेवारी 2001 चं मला लेकीनं फोनवर सांगितलं आणि नंतर मी वाचलं. संसदेत इलेक्टोरल मतं मोजायची होती आणि उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी गोर स्वतः, म्हणजे स्वतःच्या पराभवाची मोजणी स्वतःच चालवायची. एकामागून एक काळे खासदार उठत होते, फ्लोरिडाच्या मतांना हरकत घेत होते, आणि गोर प्रत्येकाला विचारत होते, सिनेटरची सही आहे का. सिनेट म्हणजे तिथलं वरचं सभागृह, तिथल्या कुणाची सही असल्याशिवाय हरकत विचारात घेत नसत, आणि शंभरातल्या एकाची पुरली असती. त्यांच्यातल्या मॅक्सिन वॉटर्स म्हणाल्या, सही नाही याची मला पर्वा नाही, तर गोर म्हणाले, नियमांना पर्वा आहे. ते नियमानं वागले हे खरं, आणि तसं वागायला मोठं मन लागतं हेही खरं, पण मी ते वाचताना त्या बाईंच्याच बाजूनं होते.

चार वर्षांनी, पुढच्या निवडणुकीत ओहायो राज्याच्या मतांना हरकत घेतली गेली त्या वेळी, बार्बरा बॉक्सर नावाच्या सिनेटरनं तशी सही केली, आणि तेव्हा त्यांनी सांगितलं की 2001 साली गोर यांनीच नको म्हटलं होतं म्हणून मी गप्प बसले, तेव्हाच करायला हवी होती.