आधी श्वास, मग रंग

श्रोतेहो, नमस्कार.

देवगडला माझं आजोळ आहे. तिथल्या पडवीत, नारळांच्या ढिगाशेजारी, एक मोटरसायकल अकरा पावसाळे गोणपाटाखाली उभी होती. मामाची यामाहा आरएक्स 100. रस्त्यावर होती तशी नव्हे. तरुणपणी मामाने तिचे दिवे उतरवले, पुढचं मडगार्ड उंच केलं, दोन्ही चाकांना बटण टायर, म्हणजे जाड उंचवट्यांचे टायर, चढवले आणि तिला सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पळवायची गाडी करून टाकली. आमच्याकडे डर्ट बाइक म्हणजे हीच. परदेशी बनावटीच्या खऱ्या डर्ट बाइक त्या काळी इथे कुणाला परवडणार? आरएक्स 100 आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात तयार झाली. 98 सीसीचं दोन स्ट्रोकचं इंजिन, 11 अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. जांभ्याच्या खडकाळ सड्यावर उडी मारून उतरली तरी एकट्या माणसाला सावरता येते. म्हणून गावोगावच्या पोरांनी तीच निवडली.

ही गाडी घरच्या घरी पुन्हा उभी करताना मी एक चूक केली. आज मुख्यतः तिच्याबद्दलच बोलणार आहे, कारण समुद्राजवळ राहणाऱ्या ज्या कुणाच्या पडवीत अशी गाडी आहे, त्याच्या हातून तीच चूक होण्याचा संभव फार मोठा आहे.

मी सुरुवात रंगापासून केली. टाकी घासली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर, रंग, लॅकर. स्पोक नवे, सीटचं कव्हर नवं. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला आणि चौथ्या किकला गाडी चालू झाली! गणपतीला सगळं घर जमलं होतं, सगळ्यांनी कौतुक केलं. फक्त एक गोष्ट खटकत होती. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाची रेस लगेच उतरत नव्हती, काही क्षण तशीच चढलेली राहायची. प्लग काढून पाहिला तर टोक चुन्यासारखं पांढरं. मी म्हटलं, जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, लहान असेल, नंतर बघू. दुसऱ्या दिवशी सड्यावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एकदम कण्हल्यासारखं झालं आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. पिस्टन पकडला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता. हात क्लचवर होता म्हणून मी पडलो नाही. जुनी दोन स्ट्रोक गाडी प्रथमच पळवणाऱ्याने दोन बोटं क्लचवरून काढू नयेत, हे तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो.

ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर, घेऊन मी कणकवलीला लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पिस्टन हातात घेतला, ओरखडे पाहिले, प्लग पाहिला आणि म्हणाले, "पयलो तेचो श्वास बघ, मगे रंग लाव."

त्याचा अर्थ असा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनखालच्या चेंबरमध्ये वंगणाचं तेल असतं. दोन स्ट्रोकमध्ये तिथे तेल साठवलेलं नसतं, तिथे इंजिनाचं फुप्फुस असतं. पिस्टन वर गेला की हवा, पेट्रोल आणि तेल यांचं मिश्रण आधी या चेंबरमध्ये ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे हा चेंबर हवाबंद असायलाच हवा. पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. त्या वाळल्या की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि त्याच्याबरोबर येणारं तेलही कमी. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि पकडतो. उजवी सील, क्लचच्या बाजूची, गेली तर इंजिन गिअरचं तेल ओढतं आणि दाट पांढरा धूर सोडतं, तो निदान दिसतो तरी. डावी, मॅग्नेटच्या (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूची, गेली तर नुसती हवा जाते. दिसत काहीच नाही. माझी डावीच गेली होती.

आता ही गळती ओळखायची कशी? यासाठी महागडं यंत्र लागत नाही. घरातला जुना रक्तदाब मोजायचा पट्टा आठवा, हाताने फुगा दाबायचा तो, काटा असलेला. त्याचा काटा 300 पर्यंत जातो. दोन स्ट्रोक चेंबर तपासायला दाब लागतो तो साधारण तेवढाच. कापडी पट्टा काढायचा, फुगा आणि काटा ठेवायचे. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडांवर जुन्या ट्यूबचं रबर आणि वर लोखंडी पट्टी घट्ट बसवायची. सायलेन्सरच्या बाजूच्या पट्टीला भोक पाडून त्यात नळी. प्लग जागेवर. तेलाच्या पंपाची वाट असेल तर तीही बंद. पिस्टन पार खाली आणायचा, म्हणजे वरचा सिलिंडर आणि खालचा चेंबर एक होतात. मग हळूहळू दाब भरायचा आणि 300 च्या पुढे जायचं नाही.

माझ्या इंजिनाचा काटा तीनशेवर पोचलाच नाही. दोनशेपर्यंत चढला आणि मी फुगा सोडताच सरसर खाली आला. मॅग्नेट पुलर नावाच्या ओढून काढायच्या हत्याराने काढला (हातोडा मारून काढू नका, क्रँक वाकतो), आणि साबणाचं पाणी ब्रशने लावलं. क्रँकच्या दांड्याभोवती फेस उकळल्यासारखा वर आला. सील बाहेर काढली तेव्हा ती नखाने दबत नव्हती, आतली धार वाळलेल्या आमसुलासारखी आक्रसली होती. अकरा वर्षं सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून खारी हवा आत-बाहेर करत होती. चेंबर उघडल्यावर क्रँकच्या बेअरिंगवरही तांबूस ठिपके निघाले.

मग सगळं नव्याने केलं, आणि या वेळी आतून बाहेर. दोन्ही सील, दोन्ही बेअरिंग. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला, खेळ नव्हता, म्हणून क्रँक वाचला. ब्लॉक 0.50 मिलिमीटर मोठ्या पिस्टनसाठी आतून कोरून मोठा केला, म्हणजे बोअर केला. पिस्टन बसवताना त्यावरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला आणि चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलेलं, कारण सर्क्लिप, म्हणजे पिस्टनची पिन अडवणारी छोटी कडी, उडून आत पडली की पुन्हा चेंबर उघडावा लागतो. काढलेली सर्क्लिप परत वापरू नये, नवीच घालावी. केसिंगचे जुने स्क्रू तर गंजून एकजीव झाले होते. साध्या पेचकसाने त्यांची डोकी खरवडून जातात. आदल्या रात्री डिझेल सोडावं आणि सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा एकच नेमका ठोका द्यावा. त्यांच्या जागी मी स्टीलचे अ‍ॅलन बोल्ट घातले, पण प्रत्येकाला ग्रीस लावून. अ‍ॅल्युमिनियममध्ये कोरडा स्टील बोल्ट आणि वरून खारा दमटपणा, हे मिश्रण दोन पावसाळ्यांत धातू खाऊन टाकतं.

टाकीचा रंग मला पुन्हा काढावा लागला याचं वाईट वाटलं, पण आतला गंज पहिल्या वेळी मी पाहिलाच नव्हता. आजी देवाची समई आमसुलाने घासायची, तत्त्व तेच. कोमट पाण्यात लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, टाकी तोंडापर्यंत भरून रात्रभर. सकाळी काळं पाणी ओतून सोड्याच्या पाण्याने विसळलं, लगेच वाळवलं आणि लगेच आत दोन स्ट्रोकचं तेल फिरवलं. 'लगेच' हा शब्द मुद्दाम दोनदा म्हटला. आपल्या हवेत ओलं उघडं लोखंड डोळ्यांदेखत तांबूस होतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषून घेतं. म्हणून पावसाळ्याचे चार महिने टाकी अर्धवट भरून ठेवू नये, आणि पेट्रोलची नळी नव्या दर्जाच्या रबराची घ्यावी.

सड्यावर पळवायची असेल तर हवेच्या फिल्टरकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. जांभ्याची लाल धूळ इतकी बारीक असते की कोरड्या फोममधून आरपार जाते आणि नवा बोअर घासून टाकते. फोम धुऊन, वाळवून, तेलात भिजवून, पिळून लावावा.

अशी उघडी गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे वेगळं सांगायला नको. रस्त्यासाठी दिवे, मूळचा सायलेन्सर आणि नूतनीकरण केलेलं आरसी हवं. पण सड्याबद्दलही एक कळकळीची विनंती आहे. बारसू, उक्षी, कुडोपी इथल्या सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत, आणि अजून कितीतरी गवत-मातीखाली असतील. जिथे रेषा दिसेल तिथून बटण टायर दूर ठेवा. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरही नको, थंडीत तिथे कासवं अंडी घालतात.

डिसेंबरमध्ये इंजिन परत चढवण्याआधी रात्री पडवीत मी पुन्हा दाब भरला. काटा 300 वर. घड्याळ लावून बसलो. सहा मिनिटं. काटा हलला नाही. आई जेवायला हाक मारत होती आणि मला उठवत नव्हतं.

सकाळी मामा आला. गुडघ्यांमुळे त्याने कितीतरी वर्षं किक मारलेली नव्हती. त्याने रंगाकडे पाहिलंही नाही. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. त्याने शर्यतीसाठी तेलाचा पंप फार पूर्वीच काढून टाकला होता, त्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं.

"किती घातलंस?"

"तीस मिली."

"लिटराक?"

"लिटरला. नवा बोअर आहे ना, मामा."

त्याने मान डोलावली, झाकण लावलं, चप्पल काढून बाजूला ठेवली, माझे बूट मागितले आणि किकवर पाय ठेवला.