चिंता पुन्हा आली तर?

प्रिय श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावाने तुम्हा सर्वांना सप्रेम नमस्कार.

‘चिंता करू नका’ हे सांगणं फार सोपं असतं, विशेषतः चिंता दुसऱ्याची असली की. दवाखान्यातून रिपोर्ट यायचा असतो, मुलाचा फोन लागत नसतो, कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला असतो आणि कुणीतरी येऊन म्हणतं, ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.’ भल्यासाठीच सांगतात बिचारे. पण ऐकणाऱ्याची आधीची चिंता तशीच राहते आणि वर ‘आपला विश्वासच कमी पडतोय की काय’ ही नवी चिंता येऊन बसते.

म्हणून आज आपण प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र उघडू या. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन त्याच्या चौथ्या अध्यायात आहे. आपण ते पाठ करतो, भिंतीवर लावतो. पौलाने ते लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता. आपण जगणार की मरणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्या अध्यायात तो तसं उघड बोलतोही.

मला मात्र जास्त धीर येतो तो दुसऱ्या अध्यायामुळे. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांनी, कैदेतल्या पौलासाठी एपफ्रदीत नावाच्या भावाच्या हाती मदत पाठवली होती. हा एपफ्रदीत तिथे आजारी पडला, अगदी मरणाच्या दारी गेला. ही बातमी फिलिप्पैला पोहोचली. आपल्यामुळे घरचे लोक काळजीत पडले, म्हणून एपफ्रदीताचाच जीव कासावीस झाला. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. मग तो त्याला घरी पाठवून देतो, म्हणजे तिकडच्यांना आनंद होईल आणि माझंही दुःख हलकं होईल. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो म्हणतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते.

बघा, ‘चिंता करू नका’ म्हणणारा हा माणूस दगडाच्या काळजाचा नव्हता. मित्राच्या आजारपणाने तो हलला होता. त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं. आजारातून उठलेल्याला घरी धाडलं आणि सोबत पत्र दिलं. पुढच्या प्रवासात काय होईल, ते त्याच्या हातात नव्हतं.

त्याच्या त्या वचनाचा पुढचा भाग आपण घाईत वाचतो. प्रार्थना आणि विनंती करून, आभारप्रदर्शनासह, आपली मागणी देवाला कळवा, असं तो सांगतो. कळवा! म्हणजे मोघम ‘प्रभू, शांती दे’ एवढ्यावर थांबू नका. रिपोर्टचं नाव घ्या, मुलाचं नाव घ्या, हप्त्याची रक्कम सांगा. देवाला ते आधीच माहीत असतं, हे खरं. पण मनात घोळत राहिलेली भीती तोंडाने बोलून दाखवली की ती केवढी आहे, हे आपल्याला दिसतं. आणि आभार कशाचे? संकटाचे नव्हेत. त्या संकटातही जे शाबूत राहिलं आहे, त्याचे.

आता एक अडचण. सकाळी प्रार्थनेत चिंता प्रभूवर टाकली आणि दुपारपर्यंत ती परत आपल्याच डोक्यात, असं होतंच. मग वाटतं, आपण नीट सोपवलंच नाही. अशा वेळी गेथशेमाने बागेतली, येशूला धरून नेलं ती रात्र आठवा. ‘माझा जीव मरणप्राय अतिखिन्न झाला आहे’ हे शब्द खुद्द प्रभू येशूचे आहेत. मत्तय सांगतो की त्याने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. देवाच्या पुत्राला एकच विनंती पुन्हा पुन्हा करावीशी वाटली, तर तुम्हीआम्ही चौथ्यांदा, दहाव्यांदा तेच घेऊन गेलो म्हणून लाजायचं कशाला? ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ अशी ती विनंती होती. तो प्याला, म्हणजे समोरचं दुःख आणि मरण, टळला नाही. पण ती प्रार्थना संपवून उठलेला येशू शिष्यांना म्हणाला, ‘उठा, आपण जाऊ.’

आणखी एक बोलतो, कारण मंडळीत ते कुणी फारसं बोलत नाही. चिंतेने झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, छातीत धडधड होत असेल, तर डॉक्टरांकडे जा. तसं करण्यात अविश्वास नाही. पौलाच्या सोबत्यांत ‘प्रिय वैद्य’ लूक होताच की.

फिलिप्पैकरांस पत्राचे चारच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. आज रात्री काढा. एपफ्रदीताची हकिकत दुसऱ्या अध्यायाच्या 25व्या वचनापासून आहे, आणि चिंतेचं वचन चौथ्यातलं 6वं. दोन्ही एकापाठोपाठ एक वाचा आणि मग तुमच्या मनात जे आहे ते नावानिशी प्रभूला सांगा.

प्रभू तुमच्याबरोबर असो. नमस्कार.