कॅलिफोर्नियातल्या राज्य चाचणीतून मुलाला सूट हवी असेल तर

श्रोतेहो, नमस्कार. कॅलिफोर्नियात तिसरी ते आठवी आणि अकरावीला इंग्रजी-गणिताची राज्य चाचणी असते. विज्ञानाची पाचवीला, आठवीला आणि हायस्कूलमध्ये एकदा. बहुतेक शाळा ती एप्रिल-मेमध्ये घेतात. मुलाला त्यात बसवायचं नसेल, तर राज्याच्या शिक्षण संहितेचं कलम 60615 पालकांच्या बाजूने आहे. लेखी मागणी आली की शाळेला ती मान्य करावीच लागते.

फोनवर किंवा शाळेच्या फाटकाशी बाईंना सांगून भागत नाही. मुख्याध्यापकांच्या नावे पत्र द्या. त्यात मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, शैक्षणिक वर्ष आणि कलमाचा क्रमांक घाला. कोणकोणत्या विषयांतून सूट हवी ते एकेक करून लिहा. नुसतं ‘चाचणी नको’ लिहिलं, की गणितातून सूट मिळते आणि विज्ञानाच्या दिवशी मूल संगणकासमोर बसलेलं असतं, असं होऊ शकतं. सही, तारीख, आणि पोच घेतलेली एक प्रत घरी ठेवा. त्या वेळात मूल कुठे बसेल, काय करेल, हेही आधीच विचारून ठेवा.

पत्र चाचणी सुरू होण्यापूर्वी पोचायला हवं. उशिरा दिलंत, तर तोवर पूर्ण झालेल्या चाचण्या तपासल्या जातात आणि त्यांचे गुण नोंदीत राहतात. सूट त्या वर्षापुरतीच असते. पुढच्या वर्षी नवं पत्र. शिक्षक या हक्काची माहिती देऊ शकतात, पण सूट घ्या असा आग्रह धरायला त्यांना मनाई आहे. म्हणून शाळा गप्प राहिली, तर हक्कच नाही असं समजू नका.

आता मराठी घरांची खरी अडचण. शाळाप्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो, त्यात चार प्रश्न. पहिले तीन असे: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता. या तिन्हींपैकी एका जरी उत्तरात ‘मराठी’ आलं, की 30 दिवसांत एल्पॅक ही इंग्रजीची चाचणी होते. तिला 60615 ची सूट लागू नाही. केंद्राच्या कायद्यानेही ती सक्तीची आहे.

ती टळावी म्हणून काही घरं फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहितात. तसं करू नका. मुलाला इंग्रजीसाठी मदत हवी असेल, तर ती मिळण्याची वाट याच चाचणीतून जाते. आणि इंग्रजी चांगलं असेल, तर पहिल्याच एल्पॅकमध्ये ते सिद्ध होतं. मग दरवर्षीची एल्पॅक मागे लागत नाही.