गूळ-शेंगदाणे, चहा आणि अंगातलं लोह

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापुरात कुणी फिकं दिसायला लागलं, चालताना धाप लागते म्हणालं, की घरातली मोठी माणसं पहिल्यांदा सांगतात, ‘गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढंल.’ गुऱ्हाळावरच्या गरम गुळाची चव ज्यानं घेतलीय त्याला आपल्या गुळाचा अभिमान असणारच, मलाही आहे. पण आहारतज्ज्ञ म्हणून एक हिशेब तुमच्यापुढे मांडायलाच हवा. १०० ग्रॅम गुळात लोह असतं साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम. आपण खातो तो खडा २० ग्रॅमचा धरला, तर त्यातून मिळालं जेमतेम १ मिलिग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांतून आणखी एखादा. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार पाळी येणाऱ्या बाईच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाच्या आहारात १९.

बीट आणि डाळिंबाचंही तेच. लाल रस प्याला म्हणून लाल रक्त तयार होत नाही. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं. खा जरूर, पण रक्तवाढीचा भरवसा त्यावर ठेवू नका.

बाईला पुरुषापेक्षा इतकं जास्त का लागतं? दर पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि १ मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर गेलं. अंगावरून जास्त जात असेल तर त्याहून अधिक. ते भरून निघायला हवं अन्नातून, आणि अन्नातलं सगळं लोह काही रक्तात उतरत नाही. भाकरी, आमटी, भाजी अशा जेवणातल्या लोहाचा फार थोडा हिस्सा शरीर घेतं, बाकीचं तसंच बाहेर जातं. मग शरीर आपल्या साठ्यातून उचल करत राहतं. कणगी तळाला गेली तरी घरात रोज भाकऱ्या होत असतात, तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. शरीराचंही तसंच होतं. आधी साठा संपतो आणि हिमोग्लोबिन, म्हणजे लोहापासून बनणारा, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा घटक, सगळ्यात शेवटी खाली येतं. म्हणून हिमोग्लोबिन काठावर असेल आणि थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना विचारून फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. साठा किती उरलाय ते त्यातून कळतं.

बाईचं हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात, गरोदरपणी ११ च्या खाली, पुरुषात १३ च्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. हा फरक सगळा पाळीमुळे पडत नाही, त्याकडे मी येणारच आहे.

मागच्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. वय तिशीच्या आतलं, दोन लेकरं, पहाटे म्हशींची धार, मग शेत. ‘काय न्हाई ओ मॅडम, जिना चढला की धाप लागत्या आन् डोकं गरगरतंय,’ म्हणाल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तर आत गुलाबी हवं तिथं पांढुरकं. नखं मधोमध खोलगट झालेली. मी विचारलं, माती खावीशी वाटते का? त्या सासूबाईंकडे बघून गप्प झाल्या. सासूबाईच म्हणाल्या, ‘बाजारातनं भाजकी माती आणत्या आन् पदराआड खात्या.’ हिमोग्लोबिन निघालं साडेसात.

मायबहिणींनो, माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा नुसता बर्फ खावासा वाटणं ही वाईट खोड नव्हे. लोह कमी पडल्याचं ते लक्षण असतं. त्याबद्दल सुनेला, लेकीला ओरडू नका. तिला तपासणीला न्या.

त्या ताईंना मी दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी चहा-चपाती. शेतावर भाकरी-भाजी आणि त्यावर थर्मासमधला चहा. दुपारी परत चहा. रात्री उरलंसुरलं. आता चहा वाईट आहे असं मी म्हणणार नाही, कोल्हापुरात राहून म्हणायची सोयही नाही. पण चहातले टॅनिन नावाचे घटक आतड्यात लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजी-धान्यातलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जाऊ शकतं. चहा तोडू नका, फक्त जेवणापासून तासभर लांब ठेवा. सकाळची चहा-चपाती मोडून नुसता चहा आधी घ्या आणि चपाती मागाहून भाजीबरोबर, उसळीबरोबर खा. याला एक पैसाही खर्च येत नाही.

याच्या उलट काम करतं लिंबू. क जीवनसत्त्व असलं की वनस्पतीतलं लोह चांगलं अंगी लागतं. आपली मिसळच घ्या. मटकीत लोह चांगलं, तिला मोड आणले की लोह अडवणारे घटक कमी होतात आणि वर आपण लिंबू पिळतो. इतकी चांगली जुळणी झाल्यावर लगेच वर चहा मागवतो, तेवढा थांबवा. तर्रीला माझी हरकत नाही, पण घरी रोजच्या उसळीला तर्री कशाला हवी? मटकी, हुलगे, हरभरे आलटून पालटून भिजवा, मोड आणा, वर लिंबू पिळा.

कारळ्याची चटणी भाकरीबरोबर रोज चमचाभर असावी, कारळ्यात लोह भरपूर असतं. तीळ, अळीव, राजगिरा, बाजरी हीसुद्धा चांगली. कपिलतीर्थ मंडईत किंवा गावच्या आठवडी बाजारात माठ, राजगिऱ्याची पालेभाजी दिसली की घ्या. आमटी, टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटपणामुळे कढईतलं थोडं लोह अन्नात उतरतं. फक्त भाजी कढईत तशीच ठेवू नका, शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा.

आता मटणाचं. मांसाहारातलं लोह शरीर सगळ्यात सहज घेतं, त्याला चहा किंवा धान्यही फारसं अडवू शकत नाही. काळीज आणि रक्ती, म्हणजे शिजवलेलं बकऱ्याचं रक्त, यांत तर ते भरपूर. (गरोदर बाईनं काळीज मात्र टाळावं, त्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असतं.) पण हे लोह असतं फोडीत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात ते नावालाच उतरतं. आणि आपल्याकडे रविवारी काय होतं? आधी बापयमाणसं बसतात, मग पोरं, पाहुणे. चुलीपुढं उभी राहिलेली बाई शेवटी बसते तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो. काळीज तर आधीच तालमीत जाणाऱ्या पोराच्या ताटात गेलेलं असतं. पोराला द्या, त्याला ताकद हवीच. पण ज्या घरात महिन्याला सगळ्यात जास्त लोह जिच्या अंगातून जातं, तिच्याच ताटात सगळ्यात कमी पडतं, हे मला फार सलतं. घरच्या पुरुषांना माझी हात जोडून विनंती आहे, फोडी वाढतानाच तिचा वाटा वेगळा काढा. अंडी आणली तर एक तिचं.

लहान लेकरांबद्दल एक गोष्ट. आपला जिल्हा दुधाचा, गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारी आपण माणसं. पण दुधात लोह जवळजवळ नसतं. दीड-दोन वर्षांचं मूल दिवसभर दुधाच्या बाटलीवरच असेल तर त्याचं पोट भरतं, रक्त भरत नाही. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर मऊ डाळ, नाचणी, पालेभाजी, अंडं सुरू व्हायलाच हवं.

आता लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन फार खाली गेलं की नुसत्या आहारानं ते भरून येत नाही, तिथं गोळीच लागते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलींनी पर्समध्ये ठेवू नये, तिथंच खावी. गरोदरपणात आशाताई लाल गोळ्या देतात, त्या रोज १, किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यायच्या असतात. खरं सांगायचं तर यातली कितीतरी पाकिटं फळीवर तशीच पडून राहतात. कारण? शौचाला काळं होतं म्हणून भीती वाटते. काळं होणारच, त्यात वावगं काही नाही. मळमळतं, पोट जड होतं, हे मात्र खरं आहे. मग रात्री जेवणानंतर दोनेक तासांनी लिंबूपाण्याबरोबर घ्या. तरी सोसत नसेल तर थोडं खाऊन घ्या, पण बंद करू नका. गोळी चहा-दुधाबरोबर नको. कॅल्शियमची गोळीही याच वेळी नको, एक सकाळी, एक रात्री. कुणी म्हणतं दोन घेतल्या तर लवकर वाढेल. तसं होत नाही, एक मोठा डोस गेला की शरीर स्वतःच पुढचे काही तास लोह कमी आत घेतं. काही डॉक्टर म्हणूनच एक दिवसाआड गोळी देतात.

महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं वाढायला हवं. आकडा बरोबर आला म्हणून गोळी सोडू नका. मोकळा झालेला साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. त्या ताई पहिल्या महिन्यानंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबणारच होत्या, सासूबाईंनी थांबू दिलं नाही. आणि हो, गोळ्या लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

उसाच्या सरीत अनवाणी काम करणाऱ्यांना मातीतले अंकुशकृमी नावाचे जंत तळपायातून आत शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. पायात काहीतरी घाला, डॉक्टरांना विचारून जंताची गोळी घ्या. मुलांना ती १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत, अंगणवाडीत मिळते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

गोळी नीट घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर कारण दुसरं असतं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार, गर्भाशयाच्या पिशवीतली गाठ. थॅलेसेमियात लोहाची गोळी उगाच घेत राहिलं तर अपायच होतो. आणि पुरुषाचं किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त कमी झालं, तर गूळ, गोळी काहीही सुरू करण्याआधी रक्त जातंय कुठून हे शोधायला हवं. मूळव्याध असेल, गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोटात झालेला व्रण असेल, कधी आतड्याचा कर्करोगही असतो. वेळेत सापडला तर त्यावर उपाय आहेत. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. घरातल्या बायकांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं याच आठवड्यात तपासून घ्या.

नमस्कार.